दोन्हीकडे साफ

३ जून, मंगळवार

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण बोलण्यात अर्थ राहिलेला नाही. लोक हल्ली तोंडात सुपारी धरल्यासारखे पुटपुटतात. कुसुम चाळीस वर्षं संसारात खणखणीत बोलत आली, आता तिलाही तीच लागण झाली. वर मलाच म्हणते, "तुम्ही लक्षच देत नाही." लक्ष देण्यासारखं काही बोल, देईन.

दवाखान्यात आज चौतीस मुलं. त्यातली तीस ठणठणीत होती; आजारी होत्या त्यांच्या आया. महाकालाच्या या गावात देवास गेटला अडतीस वर्षं मुलांचा डॉक्टर म्हणून बसलोय, पण अशी आयांची जात पूर्वी नव्हती. पूर्वीची बाई मूल टेबलावर ठेवायची आणि गप्प उभी राहायची. आताची फोनवर सगळं वाचून येते आणि मला शिकवते.

आजची कळस होती. मधुरा नाव. भुसावळकडची, नवरा तुषार रेल्वेत सिग्नल खात्यात, म्हणून स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये राहतात. स्वतः गणिताची मास्तरीण, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. रजेत काम नाही म्हणून बाळाचे श्वास मोजते. थट्टा नाही, वही आहे! रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रकाने आखून.

"डॉक्टर, ताप नसताना, झोपेत, मिनिटाला अठ्ठावन्न येतात. न्यूमोनिया एप्रिलमध्येच बरा झाला ना? मग अजून का?"

मूल सौमित्र, पाच महिन्यांचं. एप्रिलचा न्यूमोनिया मीच बरा केला होता. पुढून ऐकलं, मागून ऐकलं. म्हटलं, "दोन्हीकडे साफ. वही रद्दीत द्या आणि मुलाला झोपू द्या. तुमच्यासारखी आई छातीवर बसून मोजत राहिली तर मीसुद्धा धापा टाकीन."

ती काहीतरी म्हणाली. प्रतिभा सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, त्या म्हणतात एका बाजूची छाती कमी हलते." प्रतिभा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. हल्ली तिलाही खोड लागली आहे, पेशंटचं प्रत्येक वाक्य मला पुन्हा ऐकवायची. मी काय बहिरा आहे?

१९ जून, गुरुवार

मास्तरीणबाई पुन्हा हजर. या वेळी मूल खरंच आजारी, १०३ ताप, नाकपुड्या फुलताहेत. शेजारून एक्स-रे काढून आणला. उजवीकडे खाली पांढरा डाग आणि त्यात दोन-तीन गोल काळे बुडबुडे. न्यूमोनिया जरा जहाल जंतूचा असला की असे बुडबुडे होतात, महिन्या-दोन महिन्यांत विरतात. भरती केलं, इंजेक्शनं सुरू केली.

बाईचे प्रश्न मात्र संपेनात.

"एप्रिलमध्येसुद्धा उजवीकडे खालीच होता ना? तीच जागा पुन्हा कशी?"

"न्यूमोनियाला क्वार्टर अलॉट झालंय तिथे. रेल्वेत विचारा."

तुषार हसला, ती नाही. मग पिशवीतून एक जुना कागद काढला. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी, बाविसावा आठवडा. सोनोग्राफीवाल्याने लिहिलं होतं, उजव्या फुफ्फुसात पांढरट भाग. पुढे बत्तिसाव्या आठवड्यात तो दिसला नाही, असा दुसरा कागद.

"दिसला नाही म्हणजे गेला," मी म्हटलं. "आणि गेलेल्याचं श्राद्ध घालायचं असेल तर सिद्धवटावर जा, भटजी बसलेत. माझ्याकडे जिवंत मुलं आणायची."

कागद न वाचताच परत दिला. वाक्य चांगलं जमलं होतं. प्रतिभासुद्धा हसली नाही. लोकांची विनोदबुद्धी गेली, दुसरं काय.

२६ जून, गुरुवार

सौमित्र घरी गेला. ताप नाही. दोन्हीकडे साफ. बाईने विचारलं, "पुन्हा एकदा ऐकता का, उजवीकडे?" ऐकलं. "साफ." आभार मानायची पद्धत भुसावळला नसावी.

५ जुलै, शनिवार

आजचा दिवस वाया गेला, आणि तोही एका पोरीपायी. निहारिका, भय्यासाहेब फडणीसांची नात. दिल्लीहून बालरोगाची पदवी घेऊन आली आणि नानाखेड्याला काचेचा दवाखाना थाटला. भिंतीवर हत्ती, जिराफ. मुलांच्या दवाखान्यात प्राणिसंग्रहालय लागतं, हे मला अडतीस वर्षांत कळलं नाही.

दुपारी आली, पाया पडली. "पोतनीसकाका" म्हणाली. सर नाही.

"काका, तुमचा एक पेशंट माझ्याकडे आला होता. सौमित्र. त्याची आई घेऊन आली."

म्हणजे ती बाई मला न विचारता दुसऱ्या दारी गेली. निहारिका बोलत राहिली, त्याच नव्या पिढीच्या हळू, मऊ आवाजात. फोनवर प्रेम करून करून यांचे गळे असे झालेत. मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं.

तिचं म्हणणं असं: हा न्यूमोनिया नव्हे, किंवा नुसता न्यूमोनिया नव्हे. गर्भातच फुफ्फुसाचा एक भाग चुकीचा घडतो. स्पंजाच्या जागी पिशव्या होतात. त्या पिशव्यांना पुन्हा पुन्हा जंतू धरतात, म्हणून तीच जागा. सोनोग्राफीत शेवटच्या महिन्यांत असा भाग आजूबाजूच्या फुफ्फुसासारखाच दिसू लागतो, दिसेनासा होतो, पण जात नाही. सीटी करायला हवी आणि बहुधा तेवढा भाग काढायला हवा.

मी म्हटलं, "पुस्तकात मीही वाचलंय. हजारोंत एकाला होतं. बरोब्बर तुझ्याच जिराफाखाली येऊन बसलं?"

"काका, उजवीकडे खाली हवेचा आवाजच नाहीये. जवळजवळ नाहीच."

"मला आला."

ती म्हणाली, "मी त्यांना परत पाठवते तुमच्याकडे. एकदा परत ऐकाल? आपण दोघं मिळून?"

"पोरी, तुला गोवर झाला होता तेव्हा तू याच टेबलावर मुतली होतीस. मिळून ऐकायला आलीस?"

ती उठली. दारात प्रतिभाशी काहीतरी कुजबुजली. बायकांची जात.

८ जुलै, मंगळवार

तुषार एकटाच आला, ड्यूटीच्या कपड्यांत. माणूस समजदार आहे. म्हणाला, "सर, मधुरा ऐकत नाही. इंदूरला नेऊन सीटी करायची म्हणते. एवढ्याशा बाळाला गुंगी देऊन? तुम्ही सांगाल तसं करतो."

मी सांगितलं. काही गरज नाही. बुडबुडे दोन महिन्यांत जातील, ऑगस्टअखेर साधा एक्स-रे काढू. नव्या डॉक्टरांना मशिनी प्यारी असतात, कारण हातात विद्या नसते.

त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. जाताना म्हणाला, "तिला मी समजावतो. तुमचं नाव घेतलं की ती गप्प बसेल."

१६ जुलै, बुधवार

संध्याकाळी मराठी समाजाच्या हॉलमध्ये कीर्तन. कुसुमने ओढत नेलं. माइकवाला गाढव; एक शब्द धड येत नव्हता. पुढच्या रांगांतले लोक मात्र हसत होते, माना डोलवत होते. कुणीतरी डोललं म्हणून सगळे डोलतात. घरी आल्यावर कुसुम म्हणाली, "तुम्हाला खरंच काही कळलं नाही?" मी म्हटलं, कळण्यासारखं होतं काय? ती टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत गेली. आवाज इतका बारीक की चित्रंच बघायची. मी वाढवला तर शेजारचे जयंतराव भिंत ठोकतात.

२९ जुलै, मंगळवार. इंदूर

प्रतिभाच्या भावाने सकाळी कपडे आणून दिले, त्यात ही वहीही होती. कुसुमने घातली असणार. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. कालचं लिहायला हवं.

काल श्रावणी सोमवार, महाकालाच्या पालखीची सवारी. दुपारपासून सगळं शहर जाम. बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन येतात आणि मग गाडीतूनच देवाला दोष देतात. पेशंट कुणी येईना. साडेचारच्या सुमाराला तुषार धावत आला, मूल छातीशी, मागे मधुरा अनवाणी. स्टेशनमागून माझा दवाखाना पायी सात मिनिटांवर आहे, म्हणून माझ्याकडे. दुसरीकडे जायला रस्ताच नव्हता.

मूल निळं. बरगड्यांखाली खड्डे पडत होते. सकाळपासून दूध घेत नव्हतं, दुपारी एकदम वाढलं. ऑक्सिजन लावला, उचलून शेजारी एक्स-रेला नेलं. फिल्म बघितली आणि क्षणात समजलं, असं मला वाटलं. उजवी बाजू काळीभोर, हृदय डावीकडे ढकललेलं. फुफ्फुस फाटून हवा बाहेर साठली. यात वाट बघायची नसते. दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मध्ये सुई घालायची, हवा सूं करून बाहेर येते, मूल गुलाबी होतं. मी हे पंचवीसेक वेळा केलंय.

तेवढ्यात मधुराने प्रतिभाला फिल्मचा फोटो काढायला लावला आणि निहारिकाला पाठवला. मग तिलाच फोन लावून टेबलावर ठेवला, त्यातून नुसती खरखर येत होती. मी म्हटलं, बंद करा ते. सुई घेतली, जागा पुसली.

प्रतिभाने माझं मनगट धरलं.

बावीस वर्षांत तिने कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "सोड." ती माझ्या कानात ओरडली, अक्षरशः ओरडली, "सर, मॅडम तीनदा सांगतायत, सुई घालू नका! फाटलेलं नाही! आत पडदे आहेत, पडदे बघा!"

मी फिल्म पुन्हा उजेडाला धरली. काळ्याच्या आत रेघा होत्या. बारीक, वाकड्या. फाटलेल्या फुफ्फुसाच्या बाहेरच्या हवेत रेघा नसतात. ही पिशवी होती, हवा भरून फुगलेली, आणि ती उरलेलं फुफ्फुस दाबत होती. सुई तिच्यात गेली असती.

मला दिसलं. मला स्वतःला दिसलं, हे लिहून ठेवतो.

पुढचं निहारिकाने सांगितलं तसं झालं. प्रतिभा फोन ऐकायची आणि मला ओरडून सांगायची. ऑक्सिजन नाकाशी, पण फुगा दाबून हवा आत ढकलायची नाही, नाहीतर पिशवी आणखी फुगेल. मूल रडू द्यायचं नाही. मधुराने त्याला मांडीवर घेतलं आणि गुणगुणायला लागली. दुसऱ्या हाताने त्याच्या पोटावर बोटं ठेवून मोजत होती. शहात्तर. ऐंशी. शहात्तर. वही नव्हती, तरी मोजत होती.

निहारिका वीस-पंचवीस मिनिटांनी आली. अर्ध्या रस्त्यात स्कूटर टाकून गर्दीतून धावत. केस विस्कटलेले, एक चप्पल तुटलेली. सरळ मुलाकडे गेली. अ‍ॅम्ब्युलन्स स्टेशनच्या बाजूने काढली, ती पुढे, मी मागे मुलापाशी. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी चढलो.

संध्याकाळी सीटी झाली. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग सगळा पिशव्यांचा. एक पिशवी लिंबाएवढी झाली होती. आज सकाळी आठला ऑपरेशन, साडेदहाला संपलं. तेवढाच भाग काढला. सर्जन आल्हाद लघाटे, चाळिशीचा, बोलका आणि सुदैवाने मोठ्या आवाजाचा. बाहेर आला, सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला.

"सर, तुम्ही सुई घातली नाहीत म्हणून हे मूल इथवर आलं. नव्वद टक्के लोकांनी घातली असती. मग ते अर्ध्या वाटेवर, सांवेरपर्यंतही पोचलं नसतं. अनुभव तो अनुभव!"

तुषार माझ्या पाया पडला. निहारिका जमिनीकडे बघत होती. मधुरा माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "अरे, त्यात काय."

३० जुलै, बुधवार

मुलाच्या घशातली नळी काढली, स्वतः श्वास घेतंय. छातीतली नळी तीन-चार दिवस राहील. आल्हाद म्हणतो, एवढ्या लहान वयात काढलं तर उरलेलं फुफ्फुस वाढून जागा भरतं. पळेल, पोहेल, कुणाला कळणार नाही.

मी बसने परत आलो. नानाखेड्याला उतरलो. निहारिकाच्या दवाखान्यावरून रिक्षा गेली. दारात बारा-पंधरा बायका बसलेल्या. पूर्वी त्या माझ्याकडे बसायच्या. काय बघून जातात? जिराफ.

"अरे, त्यात काय" हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. ते वाक्य मी का बोललो? न बोलता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तसं बघितलं तर मी खोटं बोललो नाही. सुई मी घातली नाही हे खरंच आहे.

३ ऑगस्ट, रविवार

प्रतिभा घरी आली. कुसुमने चहा केला आणि तीही तिथेच बसली, म्हणजे कट आधीच शिजला होता. प्रतिभाने एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. फ्रीगंजमधल्या कानाच्या तपासणीवाल्याची, बुधवार, अकरा वाजता. तिने परस्पर नंबर लावला होता.

"सर, तीन वर्षं मी तुम्हाला सगळं पुन्हा सांगते आहे. तुम्हाला वाटतं लोक पुटपुटतात. पुटपुटत नाहीत."

मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस.

ती म्हणाली, "ठीक आहे. पण बुधवारी जा. मी त्या दिवशी जोरात ओरडले म्हणून तुम्हाला ऐकू आलं. स्टेथोस्कोप ओरडत नाही."

ती गेल्यावर कुसुम एक शब्द बोलली नाही. किंवा बोलली असेल.

नोकर माणसं! बावीस वर्षं मीठ खाल्लं, आणि हे.

६ ऑगस्ट, बुधवार

गेलो. फक्त प्रतिभाला खोटं पाडायला गेलो.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले. समोरच्या पोराने सांगितलं, आवाज आला की बटन दाबा. मी बसून राहिलो. मला वाटलं, मशीन अजून सुरू झालेलं नाही. काचेबाहेर तो पोरगा मान वर करून माझ्याकडे बघत होता, मग कागदावर काही खूण करत होता, मग पुन्हा माझ्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने मला समजलं की मशीन सुरू होतं.

दोन्ही कान. उंच पट्टीतले आवाज तर गेलेच, खालच्या पट्टीतलेही बरेच गेलेत. छातीतला हवेचा आवाज खालच्या पट्टीतच असतो. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवायचो.

पोरगा नम्र होता. "अंकल, चार-पाँच साल से होगा। धीरे-धीरे जाता है, इसलिए पता नहीं चलता। आप काम क्या करते हैं?"

मी म्हटलं, रिटायर आहे.

म्हणजे त्या तीन वेळा मी जे "दोन्हीकडे साफ" म्हटलं, तेव्हा मला कुठल्याच बाजूला काही ऐकू आलं नव्हतं. दोन्हीकडे सारखंच. त्याला मी साफ म्हणालो.

प्रतिभाच्या घरी गेलो. पुन्हा ये म्हणालो. ती म्हणाली, "मी सोडलंच कुठे होतं?"

१० ऑगस्ट, रविवार

सौमित्र मंगळवारीच घरी आला असं प्रतिभाने सांगितलं. आज स्टेशनमागे त्यांच्या क्वार्टरवर गेलो. कानात नवं यंत्र. सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. पंखा इतका आवाज करतो हे मला माहीत नव्हतं.

तुषारने खुर्ची पुसली, "सर, सर" करत पाणी आणलं. मूल चटईवर पालथं पडून ठोकळा चावत होतं. काखेखाली एक बोटभर पट्टी. गाल भरलेत. मधुरा दारात उभी राहिली, बसली नाही.

मी पाठ करून गेलो होतो. म्हटलं, "तुषार, मी त्या दिवशी सुई घालणार होतो. हातात होती. प्रतिभाने धरलं म्हणून राहिलो. आणि जुलैत तुम्हाला सीटी नको म्हणालो तेही चुकीचं. माझे कान गेलेत. तपासलं परवा. मला त्याच्या छातीतलं ऐकूच येत नव्हतं."

तुषारचा चेहरा उतरला. एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि "मीच तिला थांबवलं," एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो मुलाला उचलून आतल्या खोलीत गेला.

मधुरा तिथेच होती. मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, ती म्हणेल, वयोमानाने होतं, डॉक्टर. लोक म्हणतात तसं.

ती म्हणाली, "कान गेले होते, कबूल. डोळे होते ना? मी कागद हातात दिला होता. तुम्ही वाचलाही नाही."

चटईवर ठोकळा तसाच पडला होता.

"वहीत साडेतीनशे वेळा मोजलेलं होतं. ते ऐकायला कान लागत नव्हते. तुम्ही मला रद्दीत द्यायला सांगितलंत. श्राद्ध घाला म्हणालात. माझ्या बाळाचं. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, मी खरंच वेडी झालेय का? आणि हा म्हणाला, डॉक्टर म्हणतायत तर असशील."

आवाज चढवला नव्हता तिने. प्रत्येक शब्द ऐकू आला.

"तुमच्या कानांबद्दल मला काही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "चहा घेणार?"

नको म्हणून उठलो. घरी येताना देवास गेटच्या चौकात यंत्र काढून खिशात ठेवलं. हॉर्नचा त्रास होत होता. मग पुन्हा घातलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस दवाखाना बंद ठेवला. काही लिहावंसं वाटत नाही. अडतीस वर्षं मी ज्या ज्या माणसांना मूर्ख म्हणालो त्यांची मोजदाद करायची तर मलाही वही लागेल. त्यातले खरोखर मूर्ख किती होते, हेही आता सांगता येत नाही. काही होतेच. माइकवाला नव्हता.

१३ ऑगस्ट, बुधवार

आल्हाद लघाटेला फोन केला आणि सुईचं सांगितलं. तो म्हणाला, "सर, होतं असं." मोठ्या आवाजाची माणसंही खोटं बोलतात.

प्रतिभाला म्हटलं, गेल्या चार वर्षांचे पेशंटचे केसपेपर काढ. ज्या मुलाला दोनदा किंवा जास्त न्यूमोनिया झाला आणि मी एकाच बाजूचा लिहिलाय, ती सगळी वेगळी कर. दिवसभर दोघं जमिनीवर बसलो होतो. एकोणीस निघाली. माझ्याच अक्षरात एकोणीस ठिकाणी "दोन्हीकडे साफ".

संध्याकाळी निहारिकाला यादी पाठवली. तिचं उत्तर आलं: "पाठवा काका. सगळ्यांना बघते." आणखी काही नाही. उपकाराची भाषा नाही, उपदेश नाही. मला उपदेश सोपा गेला असता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून फोन. प्रतिभा नंबर लावते, मी बोलतो, समोरचं जे सुटेल ते ती सांगते. बहुतेकांनी सरळ ऐकलं. दोघांनी आधीच दुसरा डॉक्टर धरला होता आणि तसं सुनावलंही. एकाने नंबर ब्लॉक केला.

अकरावा फोन भैरवगढला. चादरी छापणाऱ्यांचं घर. मुलगी तीन वर्षांची, तीनदा न्यूमोनिया, तिन्ही वेळा डावा. आईने फोन घेतला.

मी म्हटलं, "बच्ची को एक बार दूसरे डॉक्टर को दिखाना है। नानाखेड़ा में। मैंने बात कर ली है। मुझसे देखने में चूक हुई हो सकती है।"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, यंत्राची बॅटरी गेली. प्रतिभाने मान हलवली, नाही, ती गप्प आहे.

मग ती म्हणाली, "पर डॉक्टर साब, आपने ही तो कहा था कि मैं फालतू में घबराती हूँ। कहा था, खाना बनाओ, डॉक्टरी मत करो।"

मला आठवत नाही. तिचा चेहरा आठवत नाही, मुलीचाही नाही. पण वाक्य माझंच आहे, यात शंका नाही. इतकं बरं जमलेलं वाक्य दुसऱ्या कुणाचं असणार?

"हाँ," मी म्हटलं. "कहा होगा। आप क्या बता रही थीं उस दिन?"

"अब क्या बताऊँ।"

"बताइए। मैं लिख रहा हूँ। ज़रा ज़ोर से।"

आधी अडखळत, मग भराभर तिने सांगितलं. मुलगी धावली की डावा हात छातीशी धरून उभी राहते. डाव्या कुशीवर झोपत नाही. रंगाच्या वासाने खोकते म्हणून सगळे छापखान्याला दोष देतात, पण आजोळी गेली तरी खोकते. दीड वर्षांची असल्यापासून. मी लिहून घेतलं, पाऊण पान झालं. कुठेही तिला थांबवलं नाही. प्रतिभाला एकदाही मला काही पुन्हा सांगावं लागलं नाही.

उद्या पंधरा ऑगस्ट, निहारिकाचा दवाखाना बंद. तरी ती सकाळी दहाला उघडते म्हणाली. भैरवगढची बाई मुलीला घेऊन येणार आहे. मीही जाणार आहे, ते पाऊण पान घेऊन. बघू तरी ती पोर कसं तपासते.